मायना

शाळेत पत्रलेखनाला पाच गुण असायचे,
त्यातला एक नुसत्या मायन्याचा.
तीर्थरूप कुणाला, चिरंजीव कुणाला,
शिरसाष्टांग कुठे, नुसता नमस्कार कुठे.
माझा तो गुण कधी गेला नाही.

आता स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये
कपबश्यांच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर
मी पगारपत्रकं बघते.
नाव मृण्मयी, आणि माती येते ती
खालच्या लोकांच्या बुटांना लागून, फार तर जिन्यापर्यंत.

मंगळवारी ग्रॅहम म्हणाला, सदतीस जणांना कळवायचंय.
मजकूर वकिलांकडून आलाय, तू फक्त पाठव.
आणि पत्ते झाकून.
एकाचं नाव दुसऱ्याला दिसता कामा नये.

म्हणजे या कानाची त्या कानाला खबर नको.
एकेक पत्ता मी त्या खालच्या
आंधळ्या रकान्यात उतरवला.
भट्टीवरचा कॉलिन, सोनेरी कडा रंगवणारी जॅनिस,
कपांना कान चिकटवणारी लॉरेन माउंटफर्ड,
नवीन लागलेला तो पोलिश मुलगा, ज्याचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं.

वर 'प्रति' रिकामंच राहिलं.
मशीनची हरकत नव्हती,
माझीच होती.
वर कुणीच नसलेलं पत्र
म्हणजे दाराला डकवलेली जप्तीची नोटीस.
म्हणून सगळे करतात तेच केलं,
वर स्वतःचा पत्ता घातला.
खाली 'प्रिय सहकारी',
एक की सदतीस, ते शब्दावरून कळत नाही.
चार वाजून दहा मिनिटांनी पाठवलं.

साडेचारपर्यंत काही नाही.
खाली भट्टीचा पंखा चालू.
मग एक उत्तर, लॉरेनचं:

अगं डक, तुझं नाव वर बघितलं
आणि पोटात खड्डाच पडला.
तुलाही काढलं?
मी अडतीस वर्षं कान लावले, माझं काय,
गुडघे कधीचे म्हणतायत, पुरे.
तुझी छोटी तर अजून नर्सरीत.
गुरुवारी ये. ओटकेक करते.

इथे सगळ्यांनाच डक म्हणतात,
बसवाल्याला, पोस्टमनला, दात काढणाऱ्या डॉक्टरलाही.
वय, नातं, मान, कशाचीच चौकशी नाही.
आमच्या बाईंनी लाल शाईने गोल केला असता.

उत्तर लिहायला घेतलं.
नाही लॉरेन, माझं नाव वर आहे ते फक्त
फक्त काय?
तुमची झाकायला.
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

गुरुवारी गेले.
ओटकेक म्हणजे आपलं घावन, जरा जाडसर,
आत चीज वितळलेलं.
मुलीसाठी दोन वेगळे बांधून ठेवले होते.
कोट काढायच्या आधीच सांगून टाकलं.
ती तव्याकडेच बघत राहिली.
उलटला, दाबला, पुन्हा उलटला.
"मग तुझ्याच हातून करवलं होय, डक," म्हणाली
आणि चहा ओतला
कान लावायचा राहून, तसाच भाजून निघालेल्या
एका कपात.

तो दोन्ही हातांनी धरावा लागतो.
चटके बसत होते.
मी खाली ठेवला नाही.