शंभर मिलिसेकंद

पेडलला दोन सेन्सर.
दोघांनी एकच गोष्ट सांगायची:
पाय किती दाबला.
शंभर मिलिसेकंदांहून जास्त वेळ
त्यांचं आपसात जुळलं नाही
तर मोटरचा प्रवाह तोडायचा.
नियमपुस्तकातलं हे कलम
मी सी भाषेत सत्तावीस ओळींत लिहिलंय
आणि गेले चार दिवस
मीच त्याला शिव्या घालतेय.

सड्यावर, हेलिपॅडच्या तिसऱ्या वळणावर
गाडी रोज मरते.
सकाळी नाही. दुपारी नाही.
उन्हं कलली, वारा खाडीकडून वर चढला
की निनाद रेडकर हेल्मेटमधून ओरडतो, "गेली!"
मग पाचजण जांभ्यावरून ढकलत आणतो तिला
आणि सगळे बघतात माझ्याकडे.
वेल्डिंग दिसतं, चाक दिसतं.
माझं काम कुणाला दिसत नाही,
म्हणून दोष आधी माझा.

लॉग उघडला.
पहिला सेन्सर म्हणतो, चाळीस टक्के.
दुसरा म्हणतो, एकसष्ट.
एकशे चार मिलिसेकंद.
वरचे चार!
चारात पापणीसुद्धा हलत नाही.

प्रोसेसरच्या पोटात एक टायमर असतो,
सगळे त्याला वॉचडॉग म्हणतात.
मी नाव ठेवलंय राखणदार.
आमच्या वाडीच्या वेशीवर आहे तसाच,
त्याचं त्याला वेळेवर दिलं की गप्प,
विसरलात तर अख्खं घर झोपेतून उठवून
पहिल्यापासून मोजायला लावणारा.
दर वीस मिलिसेकंदांना एक नारळ देते मी त्याला.
तासाला एक लाख ऐंशी हजार.
वेंगुर्ल्यात तेवढे पडत नसतील.

रात्री दीड. बंदरावरचा बंद बर्फ कारखाना,
आमचं वर्कशॉप.
इफ्फत होडेकर बॅटरीच्या खोक्याला टेकून झोपलेली,
हातात अजून मल्टिमीटर.
शंभरच्या जागी पाचशे लिहिलं की झालं.
एक आकडा.
लिहिला.
बाजूला शेरा: तात्पुरतं.
कर्सर लुकलुकत राहिला.
ताशी बहात्तरला, पाचशे मिलिसेकंदांत
गाडी दहा मीटर जाते.
तिसऱ्या वळणापासून कड्याची धार आठ मीटरवर आहे.
टेप मीच धरली होती.

खोडलं.

सकाळी पास्कू आला, आपला पाना परत न्यायला.
ट्रॉलरची इंजिनं उघडणारा माणूस,
स्क्रीनकडे त्याने बघितलंही नाही.
पेडलमागचा कनेक्टर ओढून काढला,
हुंगला,
जिभेला लावला.
"ह्या बघ. हिरवा."
पिनेवर कळक चढला होता,
ताक विसरलेल्या पितळेच्या पातेल्याला चढतो तसा.
"समुद्राक तुझो कोड वाचूक येणा नाय, गो.
तो आपला मीठ सोडता."
दिवसभर कोरडं बसलेलं मीठ
संध्याकाळी हवेतलं पाणी पितं,
आणि दुसरा सेन्सर थापा मारू लागतो.
म्हणजे चार दिवस
माझ्या सत्तावीस ओळीच तेवढ्या खरं बोलत होत्या.

पास्कूने डबा दिला,
बांगड्याच्या वासाचं ग्रीस.
इफ्फतने एकेक पिन टूथब्रशने घासली.

संध्याकाळी अकरा फेऱ्या.
तिसरं वळण अकरा वेळा.
निनाद हात वर करून काहीतरी गात होता,
वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.
बाराव्या फेरीत पाचव्या वळणावर
गाडी दचकली, थांबली,
आणि आपसूक पुन्हा चालू झाली.

सगळे पास्कूकडे बघू लागले.
तो कनेक्टर उघडायला वाकला,
तोवर मी लॉग वाचला होता.
सेन्सर दोन्ही एकमतात.
राखणदार उठला होता.
बॅटरीचं तापमान वाचणाऱ्या लूपमध्ये
कुणीतरी नारळ द्यायला विसरलं होतं.

"मीठ?" इफ्फतने विचारलं.
"नाही," म्हटलं, "मी."

टेम्पो यायला नऊ तास होते.