अर्धी मात्रा उशिरा

चौदा वर्षं मी तिच्या मागे बसून ड्रम वाजवले,
म्हणून मला तिची पाठच जास्त आठवते.
हिरव्या पोशाखाची चेन वरच्या दोन बोटांवर अडायची,
तिथे टोचलेली सेफ्टी पिन.
लोकांना ओझेला प्रुइट दिसायची.
मला पिन.

ठेका मी धरायचो
आणि ती यायची अर्धी मात्रा उशिरा.
पहिल्या रात्री वाटलं, शब्द विसरली बाई.
मी घाईने झांज मारली, घसरणाऱ्याला हात द्यावा तशी.
मध्यंतरात जवळ येऊन म्हणाली,
"ल्युशियस, दार तू उघडलंस ना?
आत कधी यायचं ते माझं मला बघू दे."

कॅन्सस सिटी. जिन्याखालचा क्लब,
भिंतींना बिअरचा आणि ओल्या लोकरीचा वास.
दिवसा ती लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची.
वाफेचं यंत्र फुस्स करायचं,
आणि दोन फुस्सांच्या मधल्या फटीत ती श्वास घ्यायला शिकली.
हे तिने कुठल्या मुलाखतीत सांगितलं नाही.
मुलाखती झाल्याच नाहीत.

तुल्सात हॉटेलवाल्याने आम्हाला भटारखान्यातून आत घेतलं.
कोबीच्या खोक्यावर बसून तिने उकडलेलं अंडं खाल्लं,
मीठ काडेपेटीत आणलेलं, घरून.
मग तोंड पुसलं, आणि बाहेर जाऊन
त्या मेणबत्त्यांच्या टेबलांना रडवलं.
पाण्याचा पेला मात्र कुणी दिला नाही.
मला आठवतं, कारण त्या रात्री
तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज चिरला
आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

तबकडी एकच निघाली. शिकागोत, फेब्रुवारीत,
शेगडी बंद, आम्ही सगळे कोट घालून.
काचेपलीकडचा माणूस घड्याळावर बोट आपटत होता,
तीन मिनिटं, तीन मिनिटं.
तिला नऊ सेकंद जास्त लागले.
त्याने शेपूट छाटलं.
आजही तबकडीवर ती "परत" म्हणते,
आणि "ये" म्हणायच्या आत सुई खरखरते.

पैसे?
पैसेही तिच्यासारखेच, उशिरा.
फरक एवढाच, की ती यायची.

पन्नाशीत घशाचं ऑपरेशन झालं.
"आता हार्लनच्या बासची जागा मी घेते," म्हणून हसली,
आणि दुसऱ्या सोमवारी लॉन्ड्रीत हजर,
या खेपेला शिट्टी फुंकणारी मुकादम.
क्लबच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या.

मग खूप वर्षांनी स्वीडनहून एक पोरगा आला,
काखेत ती तबकडी, बाळासारखी गुंडाळलेली.
त्याने विचारलं, ठेक्याच्या मागे राहून गाण्याची
ही शैली तुम्हाला सुचली कशी?
ओझेलाने माझ्याकडे पाहिलं.
"बूट चावायचे रे," ती म्हणाली,
"मायक्रोफोनपर्यंत पोचायला वेळ लागायचा."
त्याने ते वहीत लिहून घेतलं.
दार खरं, की बूट, मी विचारलं नाही.

परवा तिची बहीण व्हर्नेडा येऊन
हिरवा पोशाख देऊन गेली. ठेवणार कुठे, म्हणाली.
मी चेन ओढून पाहिली.
न अडता वर गेली, शेवटपर्यंत.
पुन्हा खाली, पुन्हा वर.
मग पिन जिथे होती
तिथेच टोचली.