मुका भार

लिएपायात वारा बंदरावरून निघतो
तो थेट आमच्या जिन्यात येऊन बसतो.
चौथा मजला. टेबलावर सभागृहाचा अ‍ॅम्प्लिफायर.
मागच्या खेपेला यानेच स्पीकर जाळला,
तोही उसना आणलेला, गुंटिसचा.
मी अजून त्याच्या गल्लीतून जात नाही.

म्हणून हा खटाटोप.
आठ ओहमचे चार रेझिस्टर, सोनेरी कातडीचे.
शंभर वॅट, असं अंगावर लिहिलंय,
पण ते खरं व्हायला
खाली मोडीतल्या वेल्डिंग मशीनचं कंगोरेदार अ‍ॅल्युमिनियम हवं
आणि मधे पांढरी पेस्ट, सायीइतकी. जास्त नाही.

दोन एकामागे एक: सोळा.
अशा दोन जोड्या शेजारीशेजारी: पुन्हा आठ.
चार आठांचे शेवटी आठच,
फक्त प्रत्येकाच्या वाट्याला चौथाई.
आम्हीही चौघं भाऊ.
आईला उचलताना तिघंच होतो,
आन्सिस जहाजावर होता.
तिसऱ्या मजल्यापाशी मी खांदा बदलून घेतला, ते आठवतं.

मीटर म्हणतो, आठ पूर्णांक एक.
तो एक दशांश वायरींचा. असू दे.

रात्री साडेअकरा.
एक किलोहर्ट्‌झ, बटण पुरतं उजवीकडे.
स्कोपवर हिरवी लाट उभी राहते,
अठ्ठावीस व्होल्टच्या पुढे तिचे माथे
रंधा मारल्यासारखे सपाट.
सभागृहाच्या काचा थरथराव्यात एवढी ताकद,
आणि खोलीत फक्त घड्याळ.
सगळं ओरडणं धातूत शिरतं, तिथंच तापत बसतं.

मग काही गरज नसताना
समूहगीतांची एक रेकॉर्ड लावली.
कान अगदी जवळ नेला.
आतली तार गात होती.
चाळीस माणसं, डासाएवढ्या आवाजात.

दार वाजलं.
खालची मिर्द्झा, गाऊनवर नवऱ्याचा कोट.
अकरा वर्षं झाडूच्या दांड्यानं छत ठोकणारी.
"आठवडा झाला, वरून काहीच नाही.
म्हटलं, बघून यावं."

आत आली. "हे काय?"
"भार."
"कशाचा?"
"कशाचाच नाही. स्पीकरच्या जागी."

तिनं दोन्ही तळवे त्या कंगोऱ्यांवर धरले,
वीतभर उंच, न टेकवता,
बराच वेळ.
"पुढच्या वेळी लावशील तेव्हा हाक मार," म्हणाली,
"माझा हीटर नोव्हेंबरपासून बंद आहे."