कण्यातली पट्टी

लोटलीच्या गावकारीचं जमाखर्चाचं बाड
ऑक्टोबरात पणजीला माझ्या टेबलावर आलं,
जुन्या लुंगीत बांधून, मासळीच्या पिशवीतून.
आणणारा कारकून म्हणाला, वाचण्यासारखं काही नाही बाई,
नारळ आणि बांध.

खरंच, पानोपान नारळ आणि बांध.
मानशीची दारं बदलली. अमक्याने भात घातलं नाही.
पुन्हा बांध.
शाईने जागोजागी कागद खाल्लाय,
त्यामुळे एका सालच्या थकबाकीतून
पुढच्या सालचा खर्च दिसतो.

मी आतून वाचत नाही. मी पाठीकडून सुरुवात करते.

कणा ओल्या टीपकागदाखाली तासभर ठेवला
तेव्हा खळ सुटली आणि वास आला,
आधी पेजेचा,
मग (मी मान मागे घेतली) मेंढीचा.
सहाशे वर्षांपूर्वी सोललेली मेंढी
परवाच पावसात सापडल्यासारखी.

तीन बोटं रुंद पट्टी. कातड्याची.
चार तांबड्या रेघा, त्यांवर चौकोनी काळे ठिपके:
तीन चढणारे, एक उतरणारा,
मग कात्री.
कुठल्याशा थंड मुलखातल्या मठात
पहाटेच्या काळोखात दाटीने उभ्या साधूंना
एकाच दिव्यात दिसावं
म्हणून एवढं ठळक लिहिलेलं.
पुढे गाणं बदललं. कातडं चिवट, ते उरलं,
जहाजातून आलं असेल
दुसऱ्याच कशाला तरी गुंडाळून,
आणि इथल्या कुणा बांधणाऱ्याने
लिहिलेल्या बाजूलाच खळ फासली.
म्हणजे त्याला ते वाचता येत नव्हतं.
किंवा येत होतं, आणि घाई होती.
खळीत त्याच्या अंगठ्याचा ठसा वाळून राहिलाय.
त्यावर आपला अंगठा ठेवून बघायचा नसतो.
मी ठेवला नाही.

चार वाजता चहाला क्यितान मेस्त वर आले.
चाळीस वर्षं कुडतरीच्या चर्चमध्ये पोरांना गायला शिकवलेलं,
आता गुडघे गेले, कान शाबूत.
भिंग न घेताच म्हणाले, चावी कुठे आहे?
रेघांच्या सुरुवातीला एक खूण असते,
ती सांगते सूर कुठे बसवायचा.
ती कापली गेलीय.
चढ किती, उतार किती, सगळं आहे,
घर नंबर नाही.

तरी गायले. जिना चढून आलेल्या श्वासाने,
चहाचा कप हातात तसाच.
एकदा गायले तेव्हा कुणाला तरी पुरून परतल्यासारखं वाटलं.
दुसऱ्यांदा तेच चार ठिपके, वेगळ्या जागेवरून,
आणि खाली रस्त्यावरची स्कूटर पुसणारी मुलगी
वर बघून हसली.
यातलं खरं कुठलं?
त्यांनी खांदे उडवले. बिस्किट बुडवलं.

ठिपक्यांखाली अक्षरं होती. –बितुर.
मी विचारलं, शब्द आहे का हा?
शेपूट आहे, म्हणाले. क्रियापदाचं.
"जाईल." काहीतरी केलं जाईल.
काय?
ते कात्रीला विचार.

धुतलं जाईल, जाळलं जाईल, माफ केलं जाईल,
बोलावलं जाईल नावाने.
कोण करणार, कुणाला, सगळं गेलं,
राहिला नुसता भविष्यकाळ,
आणि त्याने अडीचशे वर्षं
बांधाच्या खर्चाची पानं
पाठीमागून घट्ट धरून ठेवली.

ऑफिसचा फॉर्म भरायला घेतला.
साहित्य: चर्मपत्र. मजकूर: खंडित.
शेवटच्या रकान्यात दोन चौकोन:
तुकडा मूळ जागी लावला जाईल.
तुकडा स्वतंत्र ठेवला जाईल.
जाईल दोन्हीकडे छापलेलंच.

आज गुरुवार. खूण केलेली नाही.
कारकुनाचे दोन फोन येऊन गेले,
त्यांना बाड हवंय, एका शेताचा वाद आहे.
काचेखाली, वर दोन किलोचं वजन,
तरी सकाळी पट्टीची कड उचललेली असते,
कण्याच्या गोलाईकडे
हळूहळू वळत.