चीक

केळीचा चीक कपड्यावरून जात नाही.
बापाचे सगळे सदरे तपकिरी डागांचे,
धुऊन धुऊन डाग गडद व्हायचा, सदरा फिका.
मी निघाले त्या चिकातून,
रावेरच्या प्रसूतिगृहात लागले,
तेरा वर्षं रोज हातमोजे चढवले,
पावडरीचे, साडेसहा नंबरचे,
आणि कुणी बोललं नाही
की रबर म्हणजेही चीकच,
कुठल्या दूरच्या झाडाच्या चिरेतून ओघळलेला.

पहिल्यांदा काहीच झालं नाही.
पहिल्यांदा कधीच काही होत नाही.
शरीर नुसतं बघून ठेवतं.
एका प्रथिनाचं वळण उतरवून घेतं
आणि त्या वळणाच्या मापाचे राखणदार घडवत बसतं,
गलोलीच्या बेचक्यासारखे, दोन टोकं वर.
ते जाऊन उभे राहतात
कातडीखाली, घशाच्या अस्तरात, श्वासनळीच्या काठाला,
मास्ट पेशींच्या पाठीवर, हजारोंनी.
पेशीच्या पोटात पुड्या भरलेल्या.
मी नाळ कापतेय, टाके घालतेय,
वजन लिहितेय, दोन किलो आठशे, मुलगी,
आणि आत हे उभे.

मग बोटांच्या मधे खाज.
मग मोज्यांचं खोकं उघडलं की शिंका.
डॉक्टर भारंबे म्हणाले, सिस्टर, साबण बदला.
बदलला.

सावद्याला डिगंबरच्या काट्यावर घड चढत होते,
ट्रक दिल्लीला निघायचा होता.
भाचीने अर्धं केळं हातात दिलं.
एक्केचाळीस वर्षं खात आले होते मी.
जीभ जड झाली. तळहात पेटले.
आई म्हणाली,
"केयी खाऊन कोनाले काही व्हते का वं?"

आमच्या बोलीत ळचा य होतो.
केळी ती केयी, डोळा तो डोया,
आणि ऐकणाऱ्याचं काही अडत नाही.
माझ्या रक्ताचंही अडलं नाही.
रबराचं वळण पाठ होतं त्याला,
केळ्यात जवळपास तसंच दिसलं,
त्याने तेच वाचलं.
शेजारच्या दोन राखणदारांनी एकच कण धरला,
पाठीवर पाठ ओढली गेली,
पुड्या फुटल्या.

हिस्टामिन हा शब्द मी परीक्षेला लिहिला होता,
पाच गुणांना.
तो असा असतो हे ठाऊक नव्हतं:
ठिबकची नळी जागोजाग फुटावी,
पाणी रानभर,
आणि शेवटच्या झाडाला थेंब पोचू नये.
शेवटचं झाड म्हणजे माझं डोकं.
गळा आतून मिटत आला.
पिकअपमधे मीच डिगंबरला सांगत होते,
फैजपूर, अ‍ॅड्रिनलिन, मांडीत, बाहेरच्या बाजूला,
अर्धा मिली,
शेवटचा शब्द शिट्टीसारखा निघाला.

रात्री साडेअकराला पुन्हा.
काही खाल्लं नव्हतं, काही शिवलं नव्हतं.
पहिल्यांनी मारलेल्या हाका
उशिरा पोचल्या म्हणे कुणाला तरी.

जळगावच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी
कागदावर चित्र काढून सांगितलं:
हे प्रथिन झाडाचं स्वतःचं रक्षण.
चीर पडली, बुरशी शिरू बघते,
तेव्हा झाड ते पुढे करतं.
रबराचंही, केळीचंही.
मी कागद बराच वेळ बघत बसले.
म्हणजे झाडाचा राखणदार
माझ्या राखणदाराला चोर वाटला,
आणि मारामारी माझ्या गळ्यात.
औषध विसरण्याचं नाही, बाई म्हणाल्या.
शरीर विसरत नाही. तुम्ही लांब राहा.

लांब म्हणजे कुठे?
रावेर ते सावदा दोन्ही बाजूंना केळीच.

आता निळे मोजे माझ्या पैशांचे,
पर्समधे दोन अँप्यूल, सिरिंज, चिठ्ठी.
पूजेला माहेरी जाते तेव्हा
डिगंबर सदरा बदलून मगच जवळ येतो.
आई अजून म्हणते,
केयीनं कोनाले काही व्हत नाही.
आणि प्रसादाचा शिरा
दोन पातेल्यांत करते,
बिनकेळ्याच्या पातेल्यावर झाकण,
झाकणावर तिचा हात.