माझी पाठ

ढोलाचा पट्टा त्याच्या खांद्यावरून उतरवला
तरी खांदा तसाच राहिला, डावीकडे कललेला.
सदतीस वर्षांची सवय
एका बक्कलाने थोडीच सुटते.

निरोप बंबखान्याच्या माळ्यावर होता, गुरुवारी, सरावानंतर.
वॅफल, तपकिरी चीज, थर्मासातली कॉफी,
आणि तोरगुनचं भाषण.
हातात बॅटन नव्हती म्हणून की काय,
तिने ते दोनदा सुरू केलं आणि दोनदा विसरली.
घड्याळ द्यावं, असं कुणीतरी सुचवलं होतं.
ज्याने आम्हाला एवढी वर्षं वेळ पुरवला, त्याला घड्याळ?
मग लोकरीचे हातमोजे दिले, बोटं उघडी असलेले.
आता कशाला, आयलर्ट म्हणाला,
आणि जाईपर्यंत ते घालून बसला.

मी क्लॅरिनेट, तिसरी. ढोलाच्या लगेच पुढे.
बावीस वर्षं चालले त्याच्यापुढे.
ढोलाआडून त्याला रस्ता दिसायचा नाही,
स्वतःचे बूट तर नाहीच.
दिसायची ती माझी पाठ.
माझी पाठ त्याला पाठ होती:
कोट कुठे उसवला, कंबर कधी धरली,
आणि त्या एका वर्षी, मी घरीसुद्धा बोलले नव्हते,
त्याने चालीवरून ओळखलं
आणि चढावर ठोका जरासा संथ केला.
मी मात्र त्याला वाजवताना कधी पाहिलंच नाही.
तो मला बरगड्यांत ऐकू यायचा.

आस्लाउग गेली, त्यानंतर तीन दिवसांनी सतरा मे.
तो येईल का, कुणी विचारलं नाही. तो आला.
पुलापर्यंत सगळं ठीक.
पुलावर एक ठोका पडलाच नाही.
आमचे सगळ्यांचे डावे पाय
त्या रिकाम्या जागेवर पडले,
जागा निघाली तेवढी भक्कम.
मग पुढचा ठोका आला.

यंदाच्या सतरा मेला हिमभुरभुर.
मांडवांवर टांगलेली कॉडची डोकी वाऱ्याने खडखडत होती,
ट्रंपेटवाले खटके काखेत धरून ऊब देत होते.
ढोल इंगेलिनकडे. चौदा वर्षांची,
समोरून पाहिलं तर ढोल आणि वर एक टोपी.
शाळेपासून चर्चपर्यंत पोरीने छान नेलं.

गोदीजवळच्या वळणावर आवाज मागे राहतो.
पुढचे वळलेले असतात, मागचे अजून पाण्याकडे तोंड करून,
मधे मासळीच्या वखारीची भिंत.
आयलर्ट तिथे केसभर आधी मारायचा.
हे त्याने इंगेलिनला सांगितलं नव्हतं.
सांगण्यासारखं काही आहे
हे त्यालाच ठाऊक नसावं.
आम्ही फाटलो. आठ पावलं, कदाचित दहा.
ट्रंपेट एका ओळीत, आम्ही तिच्या मागच्या ओळीत,
आणि शेवटी ढोल, घाबरून, दोघांच्या मधे.

वळणापलीकडचं तिसरं घर त्याचं, पिवळं.
पायरीवर उभा होता, मोजे घालून, डोक्यावर काही नाही.
मला वाटलं, हात उचलेल, कठड्यावर ताल धरेल,
पोरीला सावरून घेईल.
त्याने काहीच केलं नाही.
तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहिला.
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
या माणसाने बँड येताना कधी ऐकलाच नाही.
आजवर तो नेहमी आमच्यातच होता.

इंगेलिनने स्वतःच धरलं परत. पाय जुळले.
आम्ही त्याच्यासमोरून गेलो
आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा वाजवता वाजवता
मी त्याचा चेहरा पाहिला. हनुवटी बारीक आहे.
ढोलाजवळचा कान गेल्यापासून तो मोठ्याने बोलतो,
सगळ्या गल्लीला ऐकू गेलं:
एवढेच आहात होय तुम्ही? मला वाटायचं, खूप आहात.

मग फाटकाची कडी वाजली.
मी वळून पाहिलं नाही, ओळीत वळायचं नसतं.
पण ढोलाच्याही मागून
सपातांचा आवाज येत होता,
ओल्या बर्फात, फटक फटक,
कुठल्याच तालात नसलेला,
थेट बंदरापर्यंत.