अवर सचिव

परभणीत माझा नाद सगळ्यांना ठाऊक आहे:
मी राष्ट्रपतींच्या सह्या विकत घेतो.
शाईची असली तर भाव बोलतो,
छापील असली तर चहा पिऊन उठतो.

पूर्णा जंक्शनच्या मागच्या गल्लीत
केरबा दुधाट्यांकडं एक ट्रंक आहे, असं कळलं.
रेल्वेत पॉइंट्समन होते.
बावीस वर्षं, दर पोळ्याला एकच अर्ज:
गावच्या ओढ्यावर पूल द्यावा.
तहसीलला नाही, मुंबईला नाही, थेट वर.
आणि थेट वरून उत्तर यायचं.

ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास,
त्याखाली तीन सिंहांचे लिफाफे, सुतळीनं बांधलेले.
घड्याळजीकडून आणलेलं भिंग मी डोळ्याला लावलं.
पत्र मिळाले. संबंधित विभागाकडे पाठवले आहे.
खाली: ओ. डी. भल्ला, अवर सचिव.
दुसरं उघडलं. भल्ला.
अकरावं. भल्ला.

"खुद्द राष्ट्रपतींची एखादी?"
"त्यायची कशाला हुडकायलाव?
ते पाच वर्षाला बदलतेत. ह्यो माणूस बघा."

आणि सतरंजीवर ओळीनं मांडत गेले.
"ही ब्याऐंशीची. नवी नवी खुर्ची,
'भ'ला शेपूट केवढी!
ही सत्त्याऐंशीची. दाबून कागदाला भोक पाडलंय,
घरात काहीतरी झालं असंल.
हितून पेन बदललं.
हितून हात हलायलाय.
बढती काय भेटली न्हाई बिचाऱ्याला,
शेवटपतोर अवरच."

शेवटच्या कागदावर नुसता 'भ'
आणि तिथून निघालेली एक रेघ,
समासाबाहेर गेलेली.
पुढच्या पोळ्याला दुसऱ्याच कुणाची सही आली,
गोल, स्वच्छ, शिक्क्यासारखी.
"मंग म्या अर्ज बंद केला."

पूल?
"झाला की. कुणामुळं झाला, देव जाणे.
आता वढ्यालाच पाणी न्हाई."

खिशात तीन हजार होते, मोजून आणलेले.
मी भाव काढला नाही.
त्यांनीच विचारलं, सुतळीचं टोक दातात धरून:
"तुमच्याकडं येवढ्या मोठमोठ्यांच्या सह्या.
त्यात एकाच माणसाच्या दोन हायत का?"

आतून दुसरा चहा आला.
एकोणनव्वदची अजून बघायची राहिली होती.